तिसऱ्या बाजारी या

आमच्या डॉक्टरांच्या सूनबाई दर दिवाळीला महिला मंडळाचा अंक काढतात. यंदा त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, दवाखान्यात एवढी वर्षं काढलीत, दोन पानं लिहा की." मी पदर तोंडावर घेतला आणि चहा टाकायला आत गेले. चहा होईपर्यंत त्या विसरतील असं वाटलं. त्या विसरल्या नाहीत, पण मीही हो म्हटलं नाही. चौथी शिकलेल्या बाईनं लिहायचं आणि मंडळातल्या शिक्षिकांनी लाल पेन घेऊन बसायचं, हे मला झेपणारं नव्हतं. त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी नातीची अर्धी कोरी वही घेऊन बसले. तेव्हा हे अंकात जाणार नाही. वहीतच राहील.

मी लातूरला लहान मुलांच्या एका डॉक्टरांकडे मावशी होते. मावशी म्हणजे झाडणं, पुसणं, काचेच्या पिचकाऱ्या नि सुया उकळणं आणि लेकरू धरणं. यात लेकरू धरणं सगळ्यात अवघड. डॉक्टर तपासतात, कंपाउंडर सुई देतो, पण लाथ मावशीला बसते. माझा पुढचा दात अर्धा आहे तो त्यातच गेला. ज्या पोरीनं तो पाडला तिचंच हे सगळं सांगायचं आहे.

आमचे कंपाउंडर रशीदभाई. लातूरचं जुनं घराणं. वाडवडील पत्र्याच्या पेट्या करायचे, पण यांचा हात सुईवर बसला. मी कामाला लागले तेव्हा वर्षभर तोंडातून शब्द काढला नव्हता. मान हलवून काम भागायचं. एक दिवस त्यांनी माझ्यासमोरच डॉक्टरांना विचारलं, "साब, ये बाई गुंगी हय क्या?" मी ऐकलं आणि गप्प राहिले, त्यामुळं त्यांची खात्रीच पटली. पुढं मी बोलायला लागले तर म्हणाले, "अरे, हमारी दवा लागू हो गई!"

आता रोगाचं सांगते. लेकरांच्या घशात एक जंतू बसतो. त्याचं नाव डॉक्टरांनी मला दहादा सांगितलं, माझ्या जिभेवर ते कधी चढलं नाही. मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागं पेनानं चित्र काढलं. गोल गोल मणी, एकाला एक लागून. मी म्हटलं माळ. रशीदभाई म्हणाले तसबीह. तेव्हापासून दवाखान्यात त्याचं नाव माळवाला. डॉक्टर आधी चिडायचे, मग तेही विचारायला लागले, "कमलबाई, आज माळवाले किती आले?"

माळवाला घशात बसला की ताप येतो, घोट गिळवत नाही, गळ्याला गाठी येतात. आमच्याकडं अशा वेळी पडजीभ पडली म्हणायचे. गल्लीतली एखादी म्हातारी अंगठ्याला चुलीची राख लावायची आणि पडजीभ वर दाबून द्यायची. लेकरू आडवं पडून रडायचं. चार दिवसांत बरं वाटायचं, कारण तसंही चार दिवसांत बरं वाटतच असतं. म्हातारीचं नाव व्हायचं. दोन-तीन आठवड्यांनी त्याच लेकराचा गुडघा भोपळ्यासारखा सुजायचा, दोन दिवसांनी तो उतरून कोपर धरायचं, मग घोटा. तोवर घसा सगळेच विसरलेले. आता म्हातारीकडं कोण जाणार? आमच्याकडं यायचे, आणि सांधे बरे व्हायला वेळ लागला की नाव आमच्या डॉक्टरांचं खराब व्हायचं.

सांधे तरी बरे होतात. माळवाल्याचं खरं काम काळजात चालतं. काळजाला आत झडपा असतात म्हणे, दारांसारख्या. रक्त पुढं गेलं की दार लागलं पाहिजे. या रोगात ते दार खराब होतं, पावसाळ्यात फळी फुगावी आणि कडी बसू नये तसं. मग गेलेलं रक्त मागं येतं, लेकराला दम लागतो. एकदा झालं तर थोडं बिघडतं. घशात पुन्हा माळवाला आला तर आणखी. म्हणून तो पुन्हा येऊच नये यासाठी पेनिसिलीनची सुई असते. दर एकवीस दिवसांनी, वर्षानुवर्षं.

ती सुई म्हणजे छळ आहे, खोटं कशाला बोलू. बाटलीत पांढरी पूड असते, पाणी घातलं की दुधासारखं घट्ट होतं. बारीक सुईतून उतरत नाही, जाड लागते. जोरात हलवलं तर फेस होतो, उशीर केला तर सुईतच अडकतं. नवी असताना मी बाटली घुसळत होते तर रशीदभाई ओरडले, "मावशी, ताक करून राहिल्या का? तळहातात घोळवा!" आधी हातावर थेंबभर टोचून अर्धा तास बसवायचं, अंगावर उठतं का बघायचं, मग खरी सुई कमरेखाली. दोन दिवस बसता येत नाही. आणि हे सगळं कुणाला, तर अंगणात उड्या मारणाऱ्या धडधाकट लेकराला. त्याच्या आईला काय समजावणार?

सुनंदा सात वर्षांची असताना आली. औसा बाजूच्या खेड्यातली. आई गयाबाई तिला पाठीवर घेऊन आल्या होत्या, दोन्ही गुडघे सुजलेले. महिन्याभरात पोर पळायला लागली आणि मग सुया सुरू झाल्या. पहिल्या सुईला माझा दात गेला. दुसऱ्या सुईला त्या पंधरा दिवस उशिरा आल्या.

"गयाबाई, कार्डावर तारीख लिहून दिली होती ना?" डॉक्टर म्हणाले.

"दिली व्हती की. देव्हाऱ्यात ठिवली."

त्यांनी कार्ड काढून दिलं. त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं, वर तेलाचा डाग. तारीख नेमकी कुंकवाखाली गेलेली. डॉक्टरांनी कार्ड उजेडात धरलं, उलटं करून बघितलं. रशीदभाई हळूच म्हणाले, "साब, नमस्कार कर लो, हो जाता."

गयाबाईंना तारखा वाचता येत नव्हत्या आणि मालक पुण्याकडं कामाला. एकवीस दिवस बोटांवर मोजायला गेलं की शेतातल्या कामात बोटं विसरतात. मी कोपऱ्यात पिचकाऱ्या पुसत होते. मला एकदम सुचलं आणि तोंडातून गेलंही.

"तुमच्या गावचा बाजार कवा असतो?"

"बुधवारी."

"आज बेस्तरवार हाय. मग तीन बाजार मोजा. तिसऱ्या बाजारी मीठमिरची घेतली की दुसऱ्या दिशी पोरीला घेऊन या."

गयाबाईंचा चेहरा उजळला. "आगं माय, असं सांगा की! बाजार कोन इसरतंय?"

डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवून मोजलं. बरोबर एकवीस. मला म्हणाले, "कमलबाई, तुम्ही चौथीत शाळा सोडलीत हे शाळेचं नुकसान झालं."

मग आम्ही सगळ्यांनाच बाजार सांगायला लागलो. कुणाचा सोमवारचा, कुणाचा शनिवारचा. मी एक वही केली, नाव, गाव, बाजाराचा वार, पुढं खुणा. खरंच सांगते, लेकरं वेळेवर यायला लागली. गयाबाई तर दोन वर्षं एकदाही चुकल्या नाहीत. येताना बाजारातली भेंडी, काकडी माझ्यासाठी घेऊन यायच्या. मी लाजून आत जायचे, पण मनातून फुगले होते. वहीवर मी चिकटपट्टीनं कव्हर घातलं होतं.

मग भूकंप झाला.

त्याचं मी लिहिणार नाही. ज्यांची माणसं गेली त्यांनी लिहावं. लातूर शहरात आम्ही वाचलो. डॉक्टर आणि रशीदभाई रोज सकाळी जीपनं खेड्यांकडं जायचे, मी दवाखाना उघडा ठेवून बसायचे. पुढं लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागले आणि तिथून लेकरं येऊ लागली. एकाच गोधडीत पाचजण, अंघोळीला पाणी नाही, अंगभर फोड. तेही माळवाल्याचेच. एक आजोबा नातू घेऊन आले, तोंडावर समाधान. म्हणाले, "डाक्टरसाब, शेडात आल्यापासून लेकरानं कसं अंग धरलंय बघा, गाल बघा." डॉक्टरांनी त्या गालावर बोट दाबलं, खड्डा पडला. लघवी करायला लावली तर चहाच्या रंगाची. फोडांतून माळवाला मूत्रपिंडापर्यंत पोचला होता आणि आजोबा त्याला बाळसं समजत होते. तो पोरगा महिन्याभरात बरा झाला. गाल उतरले तेव्हा आजोबा खट्टू झाले.

त्या दिवसांत माझी वही टेबलावर असायची. पानं उलटताना सुनंदाच्या नावापुढं जागा कोरी दिसायची. एक सुई चुकली, मग दुसरी. मला दिसत होतं. त्यांचं गाव पूर्ण पडलं नव्हतं एवढं ऐकलं होतं, पण त्या दिवसांत कुणाचं नाव घेऊन विचारायची भीती वाटायची. विचारलं की उत्तर एकाच प्रकारचं यायचं. डॉक्टर रोज तिकडंच जात होते, त्यांना नुसतं म्हणायचं होतं, "जाता जाता सुनंदाला बघून या." मी म्हटलं नाही. एक पोस्टकार्ड टाकायचं होतं, तेही टाकलं नाही. वही मिटून ठेवायचे.

थंडी पडायला लागल्यावर एका गुरुवारी गयाबाई आल्या. पोर पुन्हा पाठीवर. नऊ वर्षांची झालेली, पाय खाली लोंबत होते. ओठ काळपट, छाती भात्यासारखी हलत होती. त्या दोघी जिवंत बघून मला आधी आनंद झाला, मग पोरीकडं नजर गेली.

गयाबाई दारातच म्हणाल्या, आणि माफी मागितल्यासारखं म्हणाल्या, "डाक्टर, तिसरा बाजार व्हायचाय अजून, पर लेकराला लईच दम लागून राहिला, म्हून आदीच आले."

डॉक्टरांना कळलं नाही. "कसला तिसरा बाजार? दहा आठवडे झाले गयाबाई!"

"हाव, पर बाजार कुठं भरला? एक बाजार झाला भूकंपाच्या आदल्या दिशी. मंग समदं बंदच की. दुसरा काल झाला. तिसरा फुडच्या बुधवारी हाय."

त्या काही चुकल्या नव्हत्या. सांगितलं तसंच मोजलं होतं.

"बाजार मोजायला कुणी सांगितलं?" डॉक्टर एवढं बोलून गेले आणि मग त्यांनाच आठवलं असावं. पण गयाबाईंनी तोवर माझ्याकडं हात केला होता, कौतुकानं. "ह्या बाईनं. लई सोपं केलं आमच्यासाठी."

डॉक्टरांनी पोरीच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग म्हणाले, "कमलबाई, पाणी उकळायला ठेवा." मी ठेवलं. पाणी उकळून आटलं तरी मी तिथंच उभी होते. रशीदभाईंनी येऊन स्टोव्ह बंद केला. ते त्या दिवशी काही थट्टा करतील असं वाटलं होतं. केली नाही.

सुनंदा दीड महिना दवाखान्यात राहिली. जीव वाचला. पण एक झडप गळायला लागली ती लागलीच. डॉक्टर गयाबाईंना म्हणाले, "आता पुन्हा झटका आला तर मला काही सांगता येणार नाही. सुई चुकायची नाही." मला ते काही बोलले नाहीत. एक दिवस संध्याकाळी हात धुताना एवढंच म्हणाले, "तुमच्या बाजारामुळं ती आधीची दोन वर्षं आली. तेही वहीत लिहून ठेवा." मी लिहिलं नाही.

बाजार बंद केले. आधी मी आयांना एकवीस शेंगदाणे मोजून द्यायला लागले, रोज एक बाजूला काढायचा. एक कुटुंब आठव्या दिवशी हजर. बाकीचे लेकरानं खाल्ले होते. मग चिंचोके दिले. पण माझा कशावरच विश्वास उरला नव्हता. शेवटी सुईचा वार सगळ्यांचा गुरुवारच केला, पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला आणि प्रत्येकाला आठ दिवस आधी माझ्या अक्षरात कार्ड टाकायला लागले. मजकूर एकच: "लेकरास घेऊन गुरुवारी यावे. सुई तयार आहे." गावात पोस्टमन ते पारावर मोठ्यानं वाचायचा. सुनंदा शाळेतून येताना पोरं ओरडायची, "सुने, सुई तयार हाय!" पोरगी रडत यायची, पण यायची. आठ वर्षांत तिची एक सुई चुकली नाही.

तोवर लातूरचं रूप बदललं. आमच्या गल्लीत घराघरावर मजले चढले आणि मजल्यावर पोरं. हिमायतनगर, भोकर, कुठकुठून आलेली. अकरावी-बारावी, क्लास, टेस्ट. एका खोलीत सहाजण आणि पाण्याची बाटली एकच, त्यामुळं एकाचा घसा दुखला की रविवारपर्यंत सहाही जण आमच्या बाकावर. लहान मुलांचे डॉक्टर असूनही यांना परत पाठवता येईना. पोरं विचारायची, "मावशी, ताप किती वाजता उतरल? मला चारला टेस्ट हाय." एकानं मला माळवाल्याचं खरं नाव, त्याचे प्रकार, त्याची भिंत कशाची असते ते सगळं पाठ म्हणून दाखवलं. रशीदभाईंनी सुई वर धरली तर हा पठ्ठ्या बाकावरून सरळ खाली. पाणी मारून उठवला तर पहिला प्रश्न, "किती मिनटं गेली?"

सुनंदाही आली. दहावीला तिला चांगले मार्क पडले होते. तिला डॉक्टर व्हायचं होतं. आमच्या मागच्याच गल्लीत पाच पोरींबरोबर खोली घेतली. पहिल्याच दिवशी येऊन मला म्हणाली, "मावशी, पाया पडते तुमच्या, हितं कार्ड टाकू नका. गावात तुमच्या कार्डानं समद्यांना कळलं, आता माय म्हनती माझं लग्न कसं व्हनार. खोलीवर मी कुनाला सांगितलं न्हाई."

"मग सुईच्या दिशी काय सांगून येशील?"

"झेरॉक्स काढायला चालले म्हनून."

जवळजवळ दोन वर्षं ती दर तीन आठवड्यांनी तोंडाला ओढणी बांधून झेरॉक्स काढायला यायची. पोरींना वाटायचं ही नोट्स लपवते.

बारावीची परीक्षा पार पडली आणि सीईटीच्या तयारीत एका सुईला ती आली नाही. मी समजून घेतलं, रोज टेस्ट चालू होत्या. पण तीन आठवड्यांनी पुढच्या सुईची तारीख उलटली तरी आली नाही. मेडिकलची सीईटी दोन दिवसांवर होती. डॉक्टरांनी निरोप पाठवला, तर उत्तर आलं, परीक्षा झाल्यावर बघू. त्याच दिवशी तिच्या खोलीतली एक पोरगी घसा धरून आमच्याकडं आली. डॉक्टरांनी टॉर्च मारला आणि माझ्याकडं बघितलं. माळवाला.

मी आयुष्यात कुणाच्या दारात जाऊन बोलावणं केलेलं नाही. त्या दिवशी तीन मजले चढले. दार उघडं होतं. पाच पोरी पुस्तकात डोकं घालून आणि सुनंदा भिंतीला टेकून, गळ्याला रुमाल गुंडाळलेला. सगळ्यांनी वर बघितलं. माझा पदर आपोआप तोंडावर गेला. काय बोलावं? सुई म्हणायचं नाही, दवाखाना म्हणायचं नाही.

"सुनंदा," मी म्हटलं, "तुझी दोन बारीची झेरॉक्स राहिलीय. दुकान बंद व्हायच्या आत चल."

"नंतर येते मावशी."

"नंतर न्हाई. मशीन तापलंय."

पोरी तिच्याकडं बघायला लागल्या. ती रागानं उठली आणि जिन्यात येऊन माझ्यावर फणफणली.

"मावशी, कामून माझ्या मागं लागून राहिल्या? परवा पेपर हाय. आज सुई घेतली तर तीन तास बसू कशी? एवढी वर्सं घेतल्या, एक-दोन चुकल्या तर काय व्हतंय?"

"काय व्हतंय ते मला ठाऊक हाय," मी म्हटलं. "तुझ्या तीन चुकल्या व्हत्या. त्या मी चुकवल्या."

मग जिन्यातच तिला सगळं सांगितलं. बाजार मीच मोजायला लावले होते हे. बाजार भरला नाही तर काय करायचं ते सांगायचं मला सुचलं नव्हतं, हेही. आणि वहीतल्या कोऱ्या जागा मला दिसत होत्या, तरी मी तोंड उघडलं नाही. बोलताना जिन्याचा कठडा धरला होता, सोडता येईना.

खालून कुणीतरी पाण्याचा जार घेऊन वर आलं, आम्ही दोघी भिंतीला लागलो, तो गेला.

मग ती म्हणाली, "माय अजून सांगती. तुमी बाजार सांगितला म्हून आमी आलो, न्हाईतर कार्ड देव्हाऱ्यातच राह्यलं असतं."

तिनं गळ्याचा रुमाल सारखा केला.

"पर मावशी," ती म्हणाली, "तवा एक कार्ड टाकायचं व्हतं तुमी."

"टाकायचं व्हतं," मी म्हटलं.

ती माझ्या पुढं जिना उतरली. दवाखान्यात जाऊन स्वतःच बेडवर पालथी पडली. डॉक्टरांनी घसा बघितला, घशाची गोळी वेगळी लिहून दिली. रशीदभाई बाटली घोळवत म्हणाले, "कौनसी बाजू देऊ डॉक्टरीणबाई?"

"डावी. उजव्या हातानं लिवायचंय."

मी नेहमीसारखा तिचा हात धरला. ती उशीत तोंड घालून म्हणाली, "मावशी, सुई कमरंला हाय, माझा हात कामून मोडून राहिल्या?"

पेपर तिनं एका अंगावर बसून सोडवला. मेडिकल थोडक्यात हुकलं. अजून मला टोचते, "उजव्या अंगाचे प्रश्न बरोबर आले, डाव्या अंगाचे चुकले." नर्सिंगला नांदेडला गेली, तिथंच नोकरी लागली. लग्न ठरताना गयाबाई झाकायला बघत होत्या, हिनं पोराला बाजूला घेऊन स्वतःच सांगितलं. तो म्हणाला, एकवीस दिवसांचा हिशेब मी ठेवीन. ठेवतो. माझ्यापेक्षा बरा ठेवतो.

खरी भीती बाळंतपणाची होती. गळकी झडप आणि दोन जिवांचं रक्त. तिथल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की मोठ्या जोखमीचं आहे, आईचंही सांगता येत नाही. शेवटच्या महिन्यात तिला आडवं झोपता येईना, उशांना टेकून बसून असायची. तिचा फोन आला. "मावशी, तुमचं माहेर लोह्याचंच हाय ना, मंग नांदेड काय लांब? या की." मी डॉक्टरांकडून रजा घेतली. लोह्यावरून एसटी गेली तरी माहेरी उतरले नाही.

दोन दिवस गयाबाई आणि मी बाकावर बसून होतो. गयाबाई सारख्या माझा हात धरायच्या. त्यांना मी अजूनही काही सांगितलेलं नव्हतं. जिन्यात पोरीला सांगितलं तेवढंच. त्यांच्या तोंडावर ते माझ्यानं कधी होणार नाही. ऑपरेशन करून बाळंतीण केली. मुलगी झाली. सुनंदाला दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती उशीला टेकून माझ्याकडं बघून हसली. ओठ गुलाबी होते. मी आधी तेच बघितलं.

थोड्या वेळानं हृदयाच्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या. गयाबाई चहा आणायला खाली गेल्या होत्या. बाईंनी नळी लावून नीट ऐकलं, म्हणाल्या, "मी घाबरले होते त्यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे. झडप एवढी गळते आणि तरी तू हे निभावलंस, कारण नंतर झटका आला नाही." मग फाईल उघडली. "पेनिसिलीन नियमित? कधी चुकलं?"

"बारावीला एक चुकली, एक लांबली. ती माझी चूक," सुनंदा म्हणाली.

"आणि त्याआधी?"

मी खिडकीकडं बघत होते. खिडकीत काही नव्हतं.

"लहानपणी सलग तीन," सुनंदा म्हणाली. "भूकंपानं."

बाईंनी फाईलमध्ये इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि दुसऱ्या पेशंटकडं गेल्या. मी जवळ जाऊन पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

"काय लिहिलं गं त्यांनी?" मी विचारलं.

"भूकंप."

"खोटं कामून लिवून घेतलंस?"

"खोटं कसं?" ती म्हणाली. "आला न्हवता का भूकंप?"

"आला व्हता."

"मंग," ती म्हणाली आणि पोरीला माझ्या हातात दिली. "धरा नीट. लाथा लई मारती."